सोनूचा खोकला

निर्मळ, वसई
८ जानेवारी

चि. सौ. मनाली हिला अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी पोटभर हसून घे. तुझ्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते घातले, त्यानंतर पेन हातात धरतोय तो आजच. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशीलच. अगं, फोनवर तू वकिलासारखी उलटतपासणी घेतेस आणि माझी त-त-प-प होते. कागद बिचारा ऐकून घेतो.

इकडे सर्व ठीक आहे. मोगऱ्याची छाटणी उरकली. केळीचे दोन घड माकडांनी नेले, बाकीचे आपले. शेजारी मार्सेलच्या अंगणातला नाताळचा गोठा अजून उभाच आहे. त्याची लेक रोवेना दर वर्षी काढते, यंदा तिला वेळ नाही. तुझी आठवण काढत होती.

आता मुद्द्याचं. तू वीस तारखेला बाळंतपणासाठी इकडे यायचं ठरवलं आहेस. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्याला मी कुठे नाही म्हणतोय? पण जरा थांब. गटारासाठी आपला रस्ता खणून ठेवलाय, रिक्षा देवळापाशीच सोडते. मागची खोली रंगवायला काढली आहे, त्या वासाने तुला त्रास होईल. शिवाय नाशिकचे तुझे डॉक्टर पहिल्यापासून बघताहेत, त्यांनाच सगळं ठाऊक. हे लिहिताना मलाच धड पटत नाही, तर तुला काय पटणार! तरी थांब. अण्णाचं एवढं ऐक.

डोहाळजेवणाचा राग तू अजून धरून बसली आहेस, ते तुझ्या आवाजावरून कळतं. आईने ओटी स्वतः भरली नाही, आत्याला पुढे केलं आणि आपण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. निघताना तुला जवळसुद्धा घेतलं नाही. वर ‘पोटुशीने पोपट बघू नये’ असं नवंच शास्त्र काढून सोनूचा पिंजरा मागच्या पडवीत कोंडला. तू म्हणालीस, आई कधीपासून अशी अंधश्रद्धाळू झाली? मी तरी काय सांगू? तिचं शास्त्र ती जाणे. पण तुझ्यावर तिची माया नाही असं मात्र मनात आणू नकोस. कपाटात दुपट्यांची चळत लावून ठेवली आहे तिने. डिंक आणून ठेवलाय. मला हात लावू देत नाही.

आणि परवा तू फोनवर विचारलंस, मागे आई इतकी का खोकतेय? अगं वेडे, तो सोनू! आफ्रिकन पोपट फार चांगला बोलतो म्हणून एवढ्या हौसेने आणला, तर ‘राम राम’ शिकवून जीभ दुखली, एक अक्षर काढलं नाही. आईचा थंडीतला खोकला मात्र पठ्ठ्याने हुबेहूब उचलला. आधी घसा खाकरतो, मग दोनदा खोकतो. मार्सेल ओट्यावरून ओरडतो, ‘वहिनी, औषध घ्या’, आणि आत आई शेवग्याच्या शेंगा सोलत असते. आम्ही किती हसलो त्यावर!

तुझ्या नणंदेला, संपदाला, तसंच पिल्लू घ्यायचं आहे म्हणालीस. काय बघून घ्यायचं ते विचारलंस. तिला म्हणावं, घेऊच नकोस. घेणारच असेल तर माझ्यासारखं घेऊ नकोस.

मी आणलं ते तू कधी नीट ऐकलं नाहीस. विरारला एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर तो विकणारा राहतो. टबात लाकडाचा भुसा आणि तीन पिल्लं. दोघांनी मला बघून असा कालवा केला की कानठळ्या बसल्या. हात पुढे केला तर चोची वासून अंगावर आली. तिसरं कोपऱ्यात पिसं फुलवून बसलं होतं. उचललं तर काही कुरकुर नाही, तळव्यावर मान टाकून डोळे मिटले. मला वाटलं, किती गुणी! किती मायाळू! तो म्हणाला, ‘काका, हे तुमचंच झालं बघा. अजून स्वतः खात नाही, पण ते बरंच. हातानं भरवा, तुम्हालाच आई समजेल. कागद नंतर बनवून देतो.’ मी तेच घेऊन आलो. ते दोन दंगेखोर ठणठणीत होते गं, मनाली. पिल्लाने ओरडायलाच हवं. गप्प बसतं ते गुणी नसतं, आजारी असतं. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. आयुष्यभर कोंबड्या बघितलेला मी!

म्हणून संपदाला सांग, नाकपुड्या ओल्या आहेत का बघ. शेपटीखालची पिसं चिकटलेली आहेत का बघ. छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागलं तर खाली ठेव. बसल्या बसल्या श्वासाबरोबर शेपटी हलत असेल तर खाली ठेव. आपलं आपण खायला लागलेलंच घे, आणि घरी नेण्याआधी जनावरांच्या डॉक्टरकडे ने, कितीही गोड दिसलं तरी. आणि त्याला तोंडाने भरवू नकोस म्हणावं. आईने तेच केलं. भरवायची सिरिंज बघून ती म्हणाली, ‘इंजेक्शनानं कुनी पोर वाढवतं का?’ आणि भिजवलेली डाळ चावून ओठांतून भरवायला लागली. आपल्याकडे सगळे तसेच भरवत आले. तुझं लग्न झाल्यापासून तिला कुणी भरवायला नव्हतं. नावही तुझंच ठेवलं, सोनू. तू चिडलीस तेव्हा, मला आठवतंय.

खूप लांबलं. संपदाला एवढं सगळं सांगू नकोस, नुसतं घेऊ नको म्हण.

हर्षवर्धनरावांना नमस्कार. सासूबाईंना आमचा नमस्कार. पाय वर घेऊन बस.

तुझे आई-अण्णा


वसई
२७ जानेवारी

चि. मनालीस आशीर्वाद.

रोवेनाने तुला सांगितलंच, त्यामुळे आता रस्ता आणि रंग यांच्या गोष्टी पुरेत. रस्ता खणलेला आहे, ते खरं. रंगाचं खोटं, आईने लिहायला लावलेलं. मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. आई आत आहे. तोंडाला ऑक्सिजन लावलाय. न्यूमोनिया म्हणतात. दिवसातून दोनदा भेटू देतात, बाकी वेळ इथे बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं.

तू फोनवर रडलीस आणि म्हणालीस, मी आत्ताच्या आत्ता निघते. निघू नकोस. डॉक्टरांनी तुझं नाव घेऊन बजावलंय. का ते सांगतो. यावेळी उलटतपासणीची गरज नाही.

आणलं त्या दिवसांतच सोनू मरायला टेकला होता. गळ्याखालची पिशवी भरलेलीच राहायची, खाल्लेलं पुढे सरकायचं नाही. हिरवं पाणी हगायचा. आईने त्याला खोक्यात बल्ब लावून ठेवलं, कुशीत घेऊन बसायची, पुन्हा पुन्हा डाळ भरवायची. जगवलाच तिने. आम्हाला वाटलं, संपलं. पुढे गौरी-गणपतीत तिला ताप आला. फ्लू म्हणून गोळ्या घेतल्या, उतरला. खोकला राहिला. तो काही गेलाच नाही.

या महिन्यात दम लागायला लागला. फुलं खुडता खुडता वाफ्यात बसायची. ‘मला काय नाय झालं’, हे पालुपद. शेवटी मार्सेलने गाडी काढली.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, घरात कोंबड्या, कबुतरं, कुठला पक्षी आहे का? आईने मान हलवली. नाही म्हणून. मी शेजारी उभा होतो, मनाली. मीही काही बोललो नाही.

का बोललो नाही, ते तुला शहरात कळायचं नाही. मागे कोंबड्यांवर रोग आला होता तेव्हा आपल्या वाडीतल्या चांगल्या धडधाकट कोंबड्यासुद्धा पोत्यात भरून नेल्या आणि खड्ड्यात पुरल्या. आत्याचा तो तुरेवाला कोंबडा आठवतो? तेव्हापासून इकडे पांढरा कोट दिसला की कुणी घरातल्या पाखराचं नाव काढत नाही. त्यात परदेशी पाखराला लागतात ते सरकारी कागद सोनूचे नाहीत. विकणाऱ्याने फोन उचलणंच बंद केलंय. मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आई सांगत नाही तर मी कशाला सांगू?

औषधं चालू होती, ताप काही हलेना. मार्सेल भेटायला आला. त्याला मी हे सांगितलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला म्हणाला, ‘काशी, तू जाऊन सांगतो का मी सांगू?’ मी गेलो. डॉक्टर ओरडले नाहीत, तेच वाईट वाटलं. खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, ‘हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर औषध तेव्हाच बदललं असतं.’ पोपटांपासून माणसाला होणारा ताप असतो म्हणे. सुकलेल्या विष्ठेतून, पिसांच्या धुळीतून श्वासात जातो. तोंडाने भरवलं तर विचारूच नका. आता औषध बदललंय. उतार पडेल म्हणतात.

पोटुशीला हा ताप फार वाईट. म्हणून हर्षवर्धनरावांना मी कालच फोनवर सगळं सांगितलं. तुझ्या डॉक्टरांना पोपटाचं नाव घेऊन सांगायचं. रक्त तपासायचं. दिवाळीला तू पिंजऱ्यापाशी बसली होतीस, तेही सांगायचं. लाजायचं नाही, लपवायचं नाही. लपवण्याचं काम तुझ्या बापाने तुझ्या वाटचंही करून ठेवलंय.

अजून एक. त्या दिवशी फोनवर ऐकलास तो खोकला सोनूचा नव्हता. सोनू खोकतो हे खरं, पण त्या वेळी तो पडवीत पिंजऱ्यावर कापड टाकून झोपवला होता. तुझी आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनेच खुणेने सांगितलं, पोपटाचं नाव सांगा.

आत गेलो होतो. तुला पत्र लिहितोय म्हणालो तर बोट वर करून म्हणाली, दोघांचं नाव लिहा.

तुझे आई-अण्णा


निर्मळ
९ एप्रिल

चि. मनालीस आणि तिच्या लेकीस आशीर्वाद.

छोटीचा फोटो बघितला. कपाळ आईचं आहे. दुसऱ्या कुणाचं आहे असं तुझ्या सासूबाई म्हणत असतील तर म्हणू दे, आपण वाद घालायचा नाही. तुझं रक्त स्वच्छ निघालं, पोर सुखरूप झाली, माझं मागणं एवढंच होतं.

आता सव्वा महिना झाला आणि तू म्हणतेस, लेकीला घेऊन येते. पण आधी तो पोपट घराबाहेर काढा. त्यावर मी फोन ठेवून दिला. तुझ्यावर असा कधी चिडलो नव्हतो. म्हणून हे पत्र.

आई गेली तेव्हा आत्या आणि सगळ्या बायका मला म्हणत होत्या, भरल्या पोटी पोरीला सांगू नका, बाळंतपण होऊ दे. आपल्यात सांगत नाहीतच. मी त्याच दिवशी तुला सांगितलं. लपवून काय होतं ते मी बघितलं होतं. तू रडता रडता एकच विचारलंस, माझ्याबद्दल काही म्हणाली का? आणि मी नाही म्हणालो. तेवढं एक मी तरीही लपवलं, कारण तिने शपथ घातली होती.

शेवटी शेवटी पाणी पाजायला मास्क काढला की दोन शब्द बोलायची. एकदा म्हणाली, ‘तिला जवळ नाय घेतलं. तिला वाटलं आसंल, आयला माया नाय. वाटू दे. पोर सुखानं सुटू दे, मग सांगा.’

मला तेव्हा नीट उमगलं नाही. पुढे सोनूला घेऊन वसईला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, ‘अहो, हा पक्षी माझ्याकडे येऊन गेलाय.’ दिवाळीनंतर तुझी आई एकटी रिक्षा करून त्याला घेऊन गेली होती. मला म्हणाली होती, सुके बोंबील आणायला चालले. डॉक्टरांनी तिला तेव्हाच सगळं सांगितलं होतं. पक्ष्याला दीड महिना औषध द्या, तुम्ही स्वतःला तपासून घ्या, आणि घरात कुणी पोटुशी असेल तर तिला याच्या आसपासही येऊ देऊ नका.

म्हणजे बघ. ‘पोटुशीने पोपट बघू नये’ हे तिचं शास्त्र. त्यात अंधश्रद्धा कुठली? तिला रोगाचं नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून शास्त्राचं नाव घेतलं. ओटी भरायला आत्याला पुढे केलं, कारण आपला खोकला तुला लागेल या भीतीने ती दारातून हलली नाही. डॉक्टर म्हणतात, माणसाकडून माणसाला तो सहसा होत नाही. तिला एवढं कोण सांगणार? तिने आपलं लांब राहायचं ठरवलं. तू निघालीस, गाडी वळली, आणि ती तिथेच दाराला धरून खाली बसली. तुझं तोंड तिने त्यानंतर बघितलं नाही. मी तेव्हा तिला ओरडलो होतो, पोरीला निरोप तरी नीट द्यायचास.

स्वतःला का तपासलं नाही? बाळंतपण होऊ दे, मग बघू, असं असणार. बायकांचं असंच असतं, आधी घरातल्या सगळ्यांचं, मग उरलं तर आपलं. आणि दवाखान्यात मान का हलवली, ते मी तिला विचारलं होतं. म्हणाली, ‘तुमी हौसेनं आनला. लोकांनी तुमालाच बोल लावला आसता.’ माझी हौस! मला बोल लागू नये म्हणून ती मान हलवून मोकळी झाली. आता मला कुणीच बोल लावत नाही, मार्सेलसुद्धा नाही. कुणी तरी लावावा असं फार वाटतं. तू फोनवर चिडून म्हणालीस ना, त्या पोपटाने माझी आई खाल्ली? पोपटाने नाही गं. गप्प बसलेल्या पिल्लाला मी गुणी म्हटलं, आणि गप्प बसलेल्या बायकोलाही तेच म्हणत आलो.

सोनूला औषध पूर्ण दिलं. आता तजेलदार दिसतो, चोच वासून अंगावर येतो. डॉक्टर म्हणतात, तरी तान्ह्या पोराच्या घरात नको, रोग आत दडून राहिलेला असू शकतो. हे सगळं मला समजतं. तरी तू ‘घराबाहेर काढा’ म्हणालीस तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण तुला ठाऊक नाही.

तुझी आई दिवसभर त्याच्याशी बोलायची. ऊठ सोन्या, जेव सोन्या, ताई कधी येनार सांग बघू. त्यातला एक शब्द, एकच शब्द जरी त्याने उचलला असता! तो फक्त खोकतो. दुपारी चहाचं आधण ठेवलं की पडवीतून खाकरतो आणि दोनदा खोकतो, कारण त्या वेळी ती तिथे बसलेली असायची. दिवस झाल्यावर पाहुणे गेले आणि घर रिकामं झालं, त्या दिवशी मी पाण्याचा पेला भरून पडवीत घेऊन गेलो. रिकाम्या खुर्चीसमोर पेला धरून उभा राहिलो. मग लक्षात आलं. तरी दुसऱ्या दिवशीही गेलो. खोटं कशाला बोलू, अजूनही जातो.

या घरात तिचं एवढंच उरलंय. साड्या वाटल्या, भांडी आत्याने नेली, फोटो आहे तर तो कधीचा लग्नातला, त्यातली बाई मलाच ओळखीची वाटत नाही. हा खोकला तिचा आहे. त्याच खोकल्याने तिला नेलं हे कळतं मला. पण डोळे मिटले की ती पडवीत असते.

चार दिवस विचार केला. मग तुझं ते दुपट्यांचं कपाट उघडलं. सगळ्यात वर एक बारकं टोपडं होतं, अर्धं विणलेलं, सुई तशीच अडकवलेली. ती काही पोपटासाठी विणत नव्हती.

भुईगावचा गॉडफ्रे उद्या सकाळी येऊन त्याला घेऊन जाईल. त्याच्या वाडीत उघड्यावर मोठा जाळीचा पिंजरा आहे, घरात लहान मूल कुणी नाही. त्याला मी रोगापासून कागदांपर्यंत सगळं सांगितलंय, काहीएक लपवलेलं नाही. पिंजरा जाळून टाकतो. पडवी फिनेलने धुऊन घेतो. मागची खोली यावेळी खरोखरच रंगवायला काढली आहे. वास गेला की कळवतो.

हे लिहिताना तो आत्ता पडवीत खोकला. आधी घसा खाकरून, मग दोनदा. आज मी पेला घेऊन उठलो नाही. बसून ऐकलं.

उद्यापासून या घरात कुणी खोकणार नाही, मनाली. तू लेकीला घेऊन ये.

तुझा अण्णा